डाव्या पायाची हकीकत

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
६ जून २०२४

ती. वसुमतीअक्का,

नमस्कार. पत्र बघून आश्चर्य वाटेल तुम्हाला. संग्रामला फोन केला होता. तो म्हणाला, आत्याला आता अजिबात ऐकू येत नाही, मोबाइलला ती हात लावत नाही, पण पत्र आलं की दोनदा वाचते. म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यावर मराठीत एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय. चुका पोटात घाला.

मी दयानंद. वाकड्या पायाचा दया म्हटलं की तुमच्या लगेच लक्षात येईल. आई गेल्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. ती सगळ्यांना सांगायची, "ह्याचा पाय देवानं वाकडा दिला आणि वसुमतीअक्कांनी सरळ केला." तान्हा होतो तेव्हापासून दर आठवड्याला तुम्ही प्लास्टर बदललंत. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हाही वॉर्डात सिस्टर म्हणून तुम्हीच होता. आज मी इथल्या गिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. आठ तास उभा राहून गिअरचे दात मोजतो. उभा राहतो, अक्का! हे तुमच्यामुळे.

आता कारण सांगतो. माझी डावी पोटरी उजव्यापेक्षा फार बारीक आहे, तुम्हाला माहीतच आहे. पँटमध्ये तो पाय काठीसारखा हलतो. गेली पंधरा वर्षं मी रोज सकाळी सगळे उठायच्या आधी डाव्या पोटरीला बँडेजची पट्टी गुंडाळतो, वरून दोन मोजे घालतो आणि मगच पँट चढवतो. उन्हाळ्यात आत पुरळ उठतं. कुणी काही बोलत नाही. मलाच कंटाळा आलाय.

सर्जापूर रोडला एक क्लिनिक आहे. तिथे पोटरीत सिलिकॉनचा मऊ तुकडा बसवतात. गुडघ्यामागच्या घडीत चीर घेतात, त्यामुळे खूणही फारशी दिसत नाही. त्यांच्या फॉर्मवर 'आधीच्या शस्त्रक्रिया' असा रकाना आहे. माझं नेमकं काय आणि कोणत्या साली झालं, तेवढं कळवाल का? इस्पितळातले जुने कागद पाण्यात गेले असं कळलं. आता ते सांगू शकणाऱ्या तुम्हीच.

आणि आशीर्वाद द्या.

तुमचा,
दया

*

निपाणी
१३ जून २०२४

प्रिय दया,

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. अक्षर आईसारखंच आहे तुझं, उजवीकडे कललेलं.

ऑपरेशन मे १९९९ मध्ये झालं. टाचेमागची शीर आखडली होती, ती लांब केली आणि पायाच्या आतल्या बाजूचे बंध मोकळे केले. फॉर्मवर एवढं लिही.

आता मी विचारते. हे का करतोयस? कुणी टोचून बोललं का? पवित्रा काही म्हणाली का? लग्नाला पाच वर्षं झाल्यावर बायको अशा गोष्टी काढते, असं मी पाहिलंय.

करायचंच असेल तर काही गोष्टी समजून घे. सिलिकॉनने पायाला ताकद येत नाही, नुसता आकार येतो. घोटा आणि पाऊल आहे तेवढंच राहणार. वाकड्या पायाची पोटरी मुळातच बारीक असते, वरचं कातडंही ताणलेलं असतं, त्यामुळे हवा तेवढा मोठा तुकडा बसेलच असं नाही. पुढे तो सरकू शकतो, त्याच्याभोवती कडकपणा येऊ शकतो, पू झाला तर काढावाही लागतो. एकदा बसवला आणि जन्माचं काम झालं, असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. करणारा माणूस प्लास्टिक सर्जन आहे ना, ते आधी विचार. पांढरा कोट कुणालाही शिवून मिळतो. असे किती पाय केलेत आणि त्यात बिघडले किती, हेही विचार. बिघडलेल्यांचा आकडा जो सांगत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस.

तंबाखू खातोस का? निपाणीकडचा आहेस म्हणून विचारते. खात असशील तर आजपासून बंद. तंबाखूने रक्ताच्या वाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. पुढे चार आठवडे तरी आठ तास उभं राहता येणार नाही, तेव्हा कारखान्यात आधीच बोलून ठेव.

पाय जपून वापर. माझा आशीर्वाद काय मागतोस, तो आहेच.

वसुमती

*

बोम्मसंद्रा
२२ जून २०२४

ती. अक्का,

तुमचं पत्र मिळालं. पवित्राला वाचून दाखवलं तर ती खूप हसली. म्हणाली, "अक्कांना सांगा, मी तसली नाही." तिचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "माझ्यासाठी करत असाल तर नको. तुमच्यासाठी असेल तर मी रजा काढून येते." मी माझ्यासाठीच करतोय, अक्का. माझ्या हाताखालून रोज दोनशे गिअर जातात. जोडीला जुळत नाही तो बाजूला काढायचा, हेच माझं काम. आणि स्वतःची जोडी मात्र लपवत फिरतो.

तंबाखू खात होतो. तुमचं पत्र आलं त्या दिवशी पुडी टाकली. डोकं दुखतं, पण टिकून आहे.

क्लिनिकमध्ये तुमचे प्रश्न विचारले. तिथला माणूस म्हणाला, "सर, एक तासाचं काम आहे. त्याच दिवशी घरी, चौथ्या दिवशी ड्यूटीवर." बिघडल्याचं विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे बिघडतच नाही. मला ते जरा जास्तच वाटलं, पण तारीख मिळाली आहे, १५ जुलै. आधीच्या ऑपरेशनबद्दल त्यांनी काहीच खोदून विचारलं नाही. 'बाकी काही त्रास नाही' असं लिहून मी सही केली.

आई ऑपरेशनची गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. मी दुपारपासून खूप रडत होतो आणि तुम्ही पुन्हा पुन्हा येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता. ती म्हणायची, "सख्खी मावशी नाही करणार एवढं." दर दसऱ्याला ती तुमच्याकडे गुळाची ढेप घेऊन यायची, ती त्या दिवसासाठी. आता ती नाही, तर यंदा दसऱ्याला मी येईन. दोन्ही पायांवर, सारख्या.

दया

*

निपाणी
२७ जून २०२४, स्पीड पोस्टाने

दया,

हे पत्र पवित्राजवळ बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

फॉर्मवर 'बाकी काही त्रास नाही' लिहिलंस, ते खोटं आहे. तुला माहीत नाही म्हणून खोटं झालं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर तुझ्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं होतं. माझी ड्यूटी दुपारी दोन ते आठ. चारच्या सुमाराला तू रडायला लागलास. मी औषध दिलं. तू थांबला नाहीस. पाचला पुन्हा आले, डोक्यावरून हात फिरवला. तू सांगत होतास की बोटांना मुंग्या येतात. मी बोटं हलवून पाहिली तर तू किंचाळलास. बोटं सुजली होती आणि गार होती. त्या वेळी मला नोकरीत बावीस वर्षं झाली होती. अशा वेळी डॉक्टरांना बोलवायचं आणि प्लास्टर उभं कापून ढिलं करायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शिकवतात. आदल्याच दिवशी दुसऱ्या एका मुलासाठी मी मोठ्या डॉक्टरांना जेवणावरून उठवलं होतं. त्याला काहीच झालं नव्हतं. सगळ्यांसमोर ते माझ्यावर ओरडले, "पोरं रडतातच, सिस्टर!" त्या दिवशी माझी पुन्हा हिंमत झाली नाही. तुझ्या आईला म्हटलं, रडतं पोर, होईल शांत. आठला ड्यूटी संपली आणि मी घरी गेले. पुढच्या सिस्टरला 'पेशंट रडका आहे' एवढंच सांगितलं.

सकाळी राउंडला प्लास्टर कापलं. पाय वाचला. पण आतलं बरंच मांस मेलं होतं. पोटरीतल्या मांसाभोवती एक घट्ट आवरण असतं. आत सूज आली आणि वरून मोकळं केलं नाही तर रक्त अडतं. तसंच झालं. कागदावर कुणी काही लिहिलं नाही. तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही. ती माझे हात धरून रडली, "अक्का, तुम्ही होता म्हणून." मी हात धरू दिले.

तुझी पोटरी वाकड्या पायामुळे बारीक राहिलीच असती. पण इतकी नाही.

आता नीट ऐक. सिलिकॉन त्याच आवरणाखाली बसवतात, आणि तुझ्या त्या आवरणाखाली एकदा हे होऊन गेलंय. तिथे जागा किती आहे, आत जिवंत मांस किती आहे, हे पाहिल्याशिवाय कुणालाही पायाला हात लावू देऊ नकोस. १५ तारीख रद्द कर. चांगल्या सर्जनला हे पत्र दाखव. माझं नाव झाकू नकोस.

आणि कधीही, कुठल्याही ऑपरेशननंतर, दुखणं औषध घेऊनही वाढत गेलं, बोटं ताणली की कळ आली, मुंग्या आल्या, तर 'थोडं दुखणारच' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. आरडाओरडा कर. पंचवीस वर्षांपूर्वी तू केला होतास. तू बरोबर होतास.

वसुमती

*

बोम्मसंद्रा
२६ जुलै २०२४

वसुमतीअक्कांना नमस्कार.

मी पवित्रा. माझं माहेर हुबळीचं, मराठी कानडी वळणाचं आहे, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि कामावर गेले. चार दिवस जेवायचे, झोपायचे, कामावर जायचे. मग एके संध्याकाळी म्हणाले, "आई दर दसऱ्याला गूळ घेऊन जायची, पवित्रा. आणि त्या घ्यायच्या." एवढंच. तुम्हाला लिहा म्हटलं तर म्हणाले, "काय लिहू?"

पण सर्जापूर रोडची तारीख त्यांनी त्याच आठवड्यात रद्द केली. आम्ही तिथे तुमचं पत्र घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसाने ते वाचायला घेतलंच नाही. "जुन्या गोष्टींचा संबंध नाही," म्हणाला. हे उठून सरळ बाहेर आले.

आता जे. पी. नगरला डॉ. रक्षिता म्हणून प्लास्टिक सर्जन आहेत, त्यांच्याकडे जातोय. त्यांनी पत्राचा अर्थ माझ्याकडून ओळ न् ओळ समजून घेतला. मग म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्या बाईंना मला अजून विचारायचंय." पायाचा एमआरआय काढायला सांगितलाय. त्यांना हवंय ते असं: बोटं किती काळ गार होती, आवरण नंतर कापून मोकळं केलं होतं का, आणि पायाची जाणीव कुठे कमी राहिली होती का.

हे अजून लिहिण्याच्या मनःस्थितीत नाहीत. पण विचारा असं यांनीच सांगितलं. म्हणून मी लिहिते.

पवित्रा

*

निपाणी
३० जुलै २०२४

चि. पवित्रा,

पहिल्या पत्रात तुझ्याबद्दल भलतंच लिहिलं, त्याबद्दल आधी माफी मागते.

दुखणं चारला सुरू झालं. प्लास्टर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कापलं. साडेसोळा तास. बोटं पूर्ण गार कधी झाली ते मला सांगता येत नाही, कारण आठनंतर मी तिथे नव्हते. आवरण कापलं नव्हतं, नुसतं प्लास्टर काढलं. पुढचे तीन महिने अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये टोचलेलं त्याला कळत नव्हतं. नंतर कळायला लागलं. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली चार बोटांवर, एक कडक पट्टा हाताला लागायचा. डॉक्टरांना तिथे दाबून बघायला सांग.

एवढंच मला नक्की आठवतं. जे आठवत नाही ते रचून लिहीत नाही.

त्याने मला लिहिलं नाही तरी चालेल. त्याला तसं सांग.

वसुमती

*

बोम्मसंद्रा
२० ऑक्टोबर २०२४

ती. अक्का,

दसऱ्याला आलो नाही. पाय अजून प्रवासाजोगा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

ऑपरेशन ५ सप्टेंबरला झालं. आधीपासून सांगतो.

एमआरआयमध्ये तुम्ही लिहिलं होतं तेच दिसलं. बाहेरच्या बाजूचं मांस जवळजवळ नाहीच, सगळा दोरखंडासारखा वण. डॉ. रक्षिता म्हणाल्या, "मी हे पत्र वाचलं नसतं तर नेहमीच्या मापाचा तुकडा आणला असता, आणि तो आत ढकलायचा प्रयत्नही केला असता." त्यांनी त्यापेक्षा बराच लहान तुकडा घेतला, तोही आतल्या बाजूला, जिथे मांस जिवंत आहे तिथे. जमलं तर पुढे पोटावरची चरबी काढून थोडी भरू म्हणाल्या, त्याचंही वचन दिलं नाही. आणि त्याच दिवशी घरी सोडायला साफ नकार दिला. तीन दिवस इथेच, म्हणाल्या. तुमच्या पत्राचा शेवटचा भाग पवित्राने कानडीत लिहून काढला आणि त्यांनी तो माझ्या फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुखायला लागलं. आधी दुखत होतंच, पण हे वेगळं होतं. इंजेक्शन दिलं तरी वाढत गेलं. वॉर्डात कल्पना नावाची नर्स होती, तेवीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेली. मोठी सिस्टर दारातूनच म्हणाली, "स्वल्प नोवु इरत्ते," थोडं दुखणारच. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. मी पवित्राचा हात धरला आणि ओरडलो, अक्का. एकतीस वर्षांचा माणूस, सगळा वॉर्ड बघत होता. ओरडलो.

कल्पना आली. तिने माझी बोटं वर ताणून पाहिली आणि मी किंचाळलो. ती फाइलवरच्या कागदाकडे बघत उभी राहिली. घाबरली होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने पटकन पायावरचं बँडेज वरपासून खालपर्यंत कापलं आणि पळत ऑपरेशन थिएटरच्या दारावर जाऊन डॉक्टरांना निरोप दिला. वीस मिनिटांत डॉ. रक्षिता आल्या. आत रक्त साचलं होतं. मला परत थिएटरमध्ये नेलं, रक्त काढलं, मांस तपासलं. सगळं जिवंत होतं. तुकडाही ठेवता आला. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर कल्पनाला म्हणत होत्या, "अशीच बोलवत जा. उगाच बोलावलंस तरी चालेल, पण बोलवत जा."

अक्का, त्या खाटेवर पडून मी खूप विचार केला. तुमचा राग येतो. खोटं कशाला लिहू? आईचा विचार आला की जास्त येतो. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं आहे की नाही मलाच माहीत नाही. पण तुम्ही गप्प बसला असता तरी कुणाला कधी कळलं नसतं. मी तुम्हाला देवासारखं मानत राहिलो असतो आणि १५ जुलैला त्या क्लिनिकमध्ये पाय गमावून बसलो असतो, ते का झालं हेही न कळता. तुम्ही माझ्या मनातलं तुमचं नाव पणाला लावलंत आणि माझा पाय वाचवलात. लहानपणी पाय सरळ केल्याचे उपकार माझ्यावर होते. ते आई फेडत होती. हे मात्र माझ्या एकट्यावर आहेत, आणि मी ते मोठे मानतो.

मापही सांगतो, माझा धंदाच तो. आधी दोन्ही पोटऱ्यांत साडेसहा सेंटिमीटरचा फरक होता, आता साडेतीन. जुळल्या नाहीत. जुळणार नाहीत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गुडघ्यामागे वण आहे, टाचेजवळ थोडं बधिर आहे. गेल्या रविवारी हाफ पँट घालून पवित्राबरोबर भाजी आणायला गेलो. भाजीवाल्याने पायाकडे बघितलं, मग कोथिंबिरीकडे बघितलं. बस, एवढंच झालं. मी घरी येऊन खूप वेळ हसत होतो.

एक मागतो. मला लिहिलंत ते मला एकट्याला सांगून संपवू नका. कल्पनासारख्या मुली तुमच्याकडेही शिकत असतील. त्यांना सांगा.

दया

*

निपाणी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दया,

तुझं पत्र मिळालं. पाय वाचला हे वाचून देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिले. त्या कल्पनाला माझा नमस्कार सांग. मी वयाने मोठी आहे तरी नमस्कारच सांग.

मग संग्रामला म्हटलं, मला नर्सिंगच्या शाळेत घेऊन चल. तो म्हणाला, कशाला? मी त्याला सगळं सांगितलं. तुझ्यानंतर ऐकणारा तोच पहिला. त्याने स्कूटर काढली.

गेल्या गुरुवारी पहिल्या वर्षाच्या अडतीस मुलींसमोर उभी राहिले. मला ऐकू येत नाही, म्हणून बाईंनी सांगितलं की प्रश्न फळ्यावर लिहा. मी त्या दिवशीच्या चार वाजल्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. वर्ग शांत झाला का, ते मला कळायचा मार्ग नव्हता, पण मुलींचे हात वह्यांवर थांबले होते.

एक जण उठून फळ्यापाशी आली. तिने लिहिलं, "तुम्ही डॉक्टरांना का बोलावलं नाही?"

मी म्हटलं, "ओरडतील म्हणून."

दुसरी आली. "मग त्या मुलाचं काय झालं?"

मी म्हटलं, "बेंगळुरूला असतो. गिअर तपासतो, आठ तास उभा राहून. परवा हाफ पँट घालून भाजी आणायला गेला होता." मुली हसल्या. हसल्याचं दिसतं, त्याला कान लागत नाहीत.

शेवटी मागच्या बाकावरची एक लहानखुरी मुलगी आली. बराच वेळ खडू हातात धरून उभी होती. मग लिहिलं, "त्याने तुम्हाला माफ केलं का?"

मी म्हटलं, "ते मी त्याला विचारलेलं नाही. त्याने मला इथे पाठवलं."

तिने फळा पुसला, तरी जागेवर गेली नाही. पुन्हा लिहिलं, "आमच्या सीनियर मुलींनाही सांगाल का?"

या गुरुवारी दुसऱ्या वर्षाचा वर्ग आहे.

वसुमती